सलग वीस टॉस, जत्रेतला सात अन् सोयाबीनचे शंभर दाणे

६ डिसेंबर २०२५ ला विशाखापट्टणमला के. एल. राहुलनं टॉस जिंकला आणि आमच्या चौकातल्या टपरीवर, मॅचचा एक बॉल पडायच्या आधीच, लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहजिक आहे म्हणा. १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादच्या वर्ल्डकप फायनलमध्ये आपण टॉस हरलो आणि तिथून जी रांग लागली ती वनडेत सलग २० टॉस हरूनच थांबली, मधात रोहित झाला, गिल झाला, राहुल झाला, देश बदलले, ग्राउंड बदलले, टॉस काही येईना.

त्या दोन वर्षांत टपरीवर याच्यावर बरीच चर्चा झाली. एक काकाजी म्हणायचे की नाणंच खोटं असन. दुसऱ्याचं म्हणणं, कॅप्टनच्या नशिबातच नाही. पण बारावी सायन्स झालेला एक पोरगा आहे, त्यानं थेट मलाच धरलं, कारण मी दहावीच्या पोरांना गणित शिकवतो. म्हणे, "सर, पुस्तकात टॉसचा चान्स अर्धा-अर्धा लिहून हाये. मंग वीसात दहाक तरी याले पाह्यजे होते ना? इथं एकही नाही आला. म्हणजे पुस्तक चूक, नाही तर टॉस चूक. दोन्ही बरोबर कसे राहू शकते?"

प्रश्न चांगला आहे, आणि खरं सांगायचं तर दहावीला संभाव्यतेत पैकीच्या पैकी मार्क घेणाऱ्या पोरांनाही याचं उत्तर देता येत नाही, कारण आपण तिथं सूत्र शिकवतो आणि पुढच्या गणिताकडे वळतो. तेव्हा उभ्या उभ्या चहा संपेपर्यंत जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं, पण ते अर्धवट झालं. म्हणून आता नीट बसून लिहितोय.

चान्स काढायच्या दोन रीती

पहिली रीत म्हणजे काही न फेकता, नुसतं वस्तूकडे पाहून हिशोब करायचा. फाशाला सहा बाजू, सगळ्या सारख्या, म्हणजे ४ पडायचा चान्स सहात एक. हात हलवायचीसुद्धा गरज नाही. याला पुस्तकात सैद्धांतिक संभाव्यता म्हणतात. मी पुढे कागदावरचा चान्स म्हणतो.

दुसरी रीत म्हणजे फेकायचं, लिहायचं, परत फेकायचं. शंभर वेळा फासा टाकला, त्यात ४ आला १९ वेळा, तर चान्स झाला शंभरात १९. ही प्रायोगिक संभाव्यता. मी मोजलेला चान्स म्हणतो.

बस, एवढे दोनच शब्द लक्षात ठेवा. टपरीवरचा सगळा घोळ हा आहे की लोकांना वाटते हे दोन्ही आकडे प्रत्येक वेळी जुळलेच पाहिजेत, नाही जुळले म्हणजे कुणीतरी खोटं बोलून राहिलं. पण ते दोन आकडे कधी जुळतात, किती जुळतात आणि कधी जुळतच नाहीत हे समजून घेण्यातच खरी मजा आहे, आणि त्याच्यासाठी जत्रेत जावं लागते.

ताडपत्रीवरचे तीन रकाने

आमच्याकडच्या छोट्या-मोठ्या जत्रेत आकाशपाळणा, बांगड्यांची दुकानं, शेव-चिवडा हे सगळं ओलांडून मागच्या अंगाला गेलं की एखादा फासेवाला बसलेला सापडतोच. खाली ताडपत्री, तिच्यावर तीन रकाने: सात खाली, सात, सात वर. तो डब्यात दोन फासे खुळखुळवतो आणि डबा पालथा घालतो. दोन्ही फाशांची बेरीज २ ते ६ आली तर सात खालीवाले जिंकले, ८ ते १२ आली तर सात वरवाले, आणि बरोब्बर ७ आले तर मधल्या रकान्यावर ज्यानं पैसे ठेवले तो. वर-खालीला दुप्पट, म्हणजे दहा ठेवले तर आपले दहा धरून वीस हातात. सातला चौपट, दहाचे चाळीस. (रेट गावागावात थोडा बदलते.) हा जुगार आहे आणि आपल्या राज्यात १८८७ च्या कायद्यापासून त्याच्यावर बंदी आहे, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा हिशोब वाचून कुणी खेळायला जाऊ नये म्हणूनच तर लिहितोय.

आता इथं पहिली गफलत. बेरजा किती येऊ शकतात? २ पासून १२ पर्यंत, अकरा. मग कुणी म्हणन की सातचा चान्स अकरात एक. चूक. एक फासा लाल समजा, एक पांढरा. लाल कसाही पडला तरी पांढरा सहा प्रकारे पडू शकते, म्हणजे सहा गुणिले सहा, एकूण ३६ प्रकार, आणि हे ३६ सारख्या वजनाचे आहेत. बेरजा सारख्या वजनाच्या नाहीत. १२ यायला दोन्ही फाशांवर सहाच पाहिजेत, एकच रस्ता. पण ७ यायला लाल १ पांढरा ६, लाल २ पांढरा ५, ३-४, ४-३, ५-२, ६-१, असे सहा रस्ते. गावात यायला जितके जास्त रस्ते तितके जास्त लोक येतात, तसंच समजा.

तर कागदावर: सात ३६ मधून ६ वेळा, खाली १५ वेळा, वर १५ वेळा.

ही गफलत काही आपलीच नाही बरं. चारशे वर्षांपूर्वी इटलीतल्या जुगाऱ्यांना असाच प्रश्न पडला होता. ते तीन फासे टाकायचे आणि त्यांच्या लक्षात आलं होतं की बेरीज १० ही ९ पेक्षा थोडी जास्त वेळा येते. पण कागदावर मांडलं तर दोन्ही बेरजा सहा-सहा जोड्यांनीच होतात, मग फरक कशाचा? प्रश्न गॅलिलिओकडे गेला, तोच दुर्बिणीवाला. त्यानं सांगितलं की जोड्या मोजू नका, रस्ते मोजा. ३-३-३ यायला एकच रस्ता आहे, २-३-४ यायला सहा आहेत. सगळे मिळून २१६ रस्त्यांपैकी ९ ला २५ आणि १० ला २७. फरक एका टक्क्याहूनही कमी! आणि तो त्या लोकांना नुसतं खेळून खेळून जाणवला होता. मला ही गोष्ट फार आवडते, कारण इथं मोजलेला चान्स आधी आला आणि कागद मागून आला, आणि कागद कुठं चुकत होता ते मोजणाऱ्यांनीच दाखवलं.

"मामा, तुमचं गणित चुकलं"

दिवाळीच्या सुट्ट्यांत भाचा-भाची आले होते. घरच्या लुडोतले दोन फासे घेतले, वहीत तीन रकाने आखले आणि म्हटलं टाका ३६ वेळा, पैसे-बियसे काही नाही, नुसत्या रेघा मारायच्या. मी आधीच सांगून ठेवलं होतं की सात ६ वेळा यावा, बाकी पंधरा-पंधरा.

आलं काय? खाली १९, वर १४, सात फक्त ३.

भाचा लगेच, "मामा, तुमचं गणित चुकलं, सात अर्धाच आला." त्याला चुकीचं म्हणता येत नाही, कारण त्याच्या डोळ्यासमोर ८ टक्के आले होते आणि मी म्हटलं होतं साडेसोळा-सतरा. मी म्हटलं, थांबू नका, टाकत राहा. मग त्यांनाही नाद लागला, चार दिवस संध्याकाळी ओसरीत फासे टाकणं चालू. ३६० डाव झाले तेव्हा वहीत होतं: खाली १४८, वर १५७, सात ५५.

आता ५५ भागिले ३६०, म्हणजे सव्वापंधरा टक्क्यांच्या थोडं वर. कागदावरचे १६.६७ टक्के. बऱ्यापैकी जवळ आलं.

पण भाचीनं एक गोष्ट पकडली जी मोठ्या मोठ्यांच्या लक्षात येत नाही. ती म्हणे, पहिले सात तीनानं कमी होता, सहाच्या जागी तीन. आता तर पाचानं कमी आहे, साठच्या जागी पंचावन्न. मग जवळ कुठं आला, दूरच गेला ना? मी तिला तिथल्या तिथं जवळचं पेन देऊन टाकलं.

ती बरोबर आहे. नगात फरक वाढला, टक्क्यात कमी झाला. दोन्ही एकाच वेळी खरं. याचं सगळ्यात छान उदाहरण जॉन केरिच नावाच्या माणसाचं आहे, दक्षिण आफ्रिकेत गणित शिकवायचा, दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कला गेला होता आणि तिथं जर्मन सैन्य आल्यावर नजरकैदेत अडकला. रिकामा वेळ भरपूर, म्हणून त्यानं एक नाणं १०,००० वेळा फेकलं आणि सगळं लिहून ठेवलं. १०० फेकीत छापा ४४, म्हणजे सहानं कमी. १००० फेकीत ५०२, दोननं जास्त. १०,००० फेकीत ५०६७, म्हणजे ६७ नं जास्त. ६७ चा फरक मोठा वाटते, पण टक्के पाहा: ४४, मग ५०.२, मग ५०.६७. छापा-काट्याचा हिशोब चुकता झालाच नाही, तो नुसता मोठ्या आकड्याखाली दबला.

पंगतीचा आचारी

हे असं का होते, हे पंगतीवरून समजते. लग्नाला आलेला एक पाहुणा किती पोळ्या खाईल? कुणालाच सांगता येत नाही, एखादा दोनावर उठन, एखादा आठ खाऊन परत मागन. पण पाचशे पानांची पंगत सांगा, आमच्याकडचा अनुभवी आचारी किती कणिक भिजवायची ते न विचारता सांगतो आणि शेवटी जेमतेम एखादी परात उरते. त्याला एका माणसाचं पोट कळत नाही, पाचशे पोटांचं मिळून कळते. कमी खाणारे आणि जास्त खाणारे एकमेकांना झाकून टाकतात.

फाशाचं तेच. स्वित्झर्लंडच्या याकोब बर्नुलीनं हे पहिल्यांदा गणितानं सिद्ध केलं, त्याचं पुस्तक १७१३ मध्ये, तो गेल्यावर आठ वर्षांनी छापून आलं. सोप्या भाषेत त्याचं म्हणणं एवढंच की डाव जसजसे वाढतील तसतसा मोजलेला चान्स कागदावरच्या चान्सच्या जवळ राहायची खात्री वाढत जाते. किती जवळ, ते आपल्या सातच्या खेळात सांगतो. ३६ डावांत सात साधारण २ ते १० वेळा कितीही येऊ शकते आणि त्यात काहीच नवल नाही (म्हणून भाच्याचे ३ एकदम ठीक होते). ३६० डावांत साधारण ४६ ते ७४. ३६०० डावांत ५५५ ते ६४५. टक्क्यांत पाहिलं तर पहिल्यात ६ पासून २८ पर्यंत सुसाट पसारा, दुसऱ्यात १३ ते २१, आणि तिसऱ्यात साडेपंधरा ते अठराच्या आत आवळलेलं. डाव दहापट वाढवले तर पसारा दहापट नाही, जवळपास तिपटीनंच आवळतो. म्हणजे खात्री पाहिजे असेल तर मेहनत फार लागते, हे विसरू नका, पुढं सोयाबीनला कामी पडते.

"इतक्या वेळचा नाही आला, आता येणारच"

हे वाक्य मी जत्रेत ऐकलंय, टपरीवर ऐकलंय आणि ऑनलाइन गेममध्ये पैसे घालवून बसलेल्या पोरांच्या तोंडून तर फारच ऐकलंय. सात दहा डाव नाही आला, म्हणून अकराव्याला सातवर पैसे दाबून ठेवायचे. वाटते की वरच्या बर्नुलीच्या नियमानं शेवटी टक्का जुळायचा आहे, मग राहिलेला सात कधीतरी भरून निघणारच ना?

नाही निघत. फाशाला आठवण नसते. त्याच्याजवळ वही नाही, मागचे दहा डाव त्याला माहीतच नाहीत, प्रत्येक वेळी तेच ३६ रस्ते आणि तेच ६ सातचे. वर केरिचच्या आकड्यांत पाहिलं ना, फरक भरून निघत नाही, तो मोठ्या ढिगात पातळ होते. उसनवारी फिटणं वेगळं आणि वाटीभर मीठ विहिरीत टाकल्यावर खारट न लागणं वेगळं. मीठ गेलं कुठं? तिथंच आहे.

१८ ऑगस्ट १९१३ ला मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत फिरत्या चाकावर सलग २६ वेळा काळा रंग आला. पंधरा-वीस वेळा काळा आल्यावर लोक लालवर पैसे ओतायला लागले, आता लाल येणारच म्हणून, आणि चाक आपलं काळाच दाखवत राहिलं. कॅसिनोची त्या रात्री चांदी झाली.

मग ते वीस टॉस?

आता त्या पोराच्या प्रश्नाकडे येऊ. सलग २० टॉस हरायचा चान्स कागदावर किती? अर्ध्याचा अर्धा, त्याचा अर्धा, असं वीस वेळा, म्हणजे १०,४८,५७६ मध्ये एक. हाच दहा लाखात एकचा आकडा सगळीकडे फिरत होता, आणि त्याच्यावरूनच काकाजी म्हणायचे की नाणंच खोटं.

पण हा आकडा कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे ते पाहा. मी आज सकाळी सांगितलं की "बरोबर हीच टीम, बरोबर पुढचे हेच २० टॉस हरणार", आणि तसं झालं, तर तो दहा लाखात एक. असं आधी कुणी म्हटलं होतं का? नाही. झाल्यावर आपण बोट ठेवलं. वनडे १९७१ पासून सुरू आहे, साडेचार हजारांहून जास्त मॅच झाल्या, प्रत्येक मॅचमध्ये दोन टीम, म्हणजे नऊ हजारांच्या वर टॉसच्या नोंदी. यातल्या कोणत्याही जागेपासून रांग सुरू होऊ शकत होती. एका ठराविक जागेवर अशी रांग सुरू व्हायचा चान्स साधारण २१ लाखात एक (रांग सुरू व्हायच्या आधीचा टॉस जिंकलेला असावा लागतो, म्हणून अजून अर्धा). जागा नऊ हजार. भाग द्या, सव्वादोनशे-अडीचशेत एक येते. आणि सलग २० जिंकले असते तरी बातमी झालीच असती, ते धरलं तर शंभर-सव्वाशेत एक. म्हणजे गोष्ट दुर्मिळ आहे, नाही म्हणत नाही, पन्नास वर्षांच्या क्रिकेटमध्ये हे आपल्याच वाट्याला यावं हे वाईट वाटण्यासारखंच आहे, पण नाण्यावर संशय घ्यावा इतकी दुर्मिळ नाही. त्यात कसोटी, टी-ट्वेंटी, बायकांचं क्रिकेट धरलंच नाही, ते धरलं तर अजून कमी नवल.

आणि वीस हरल्यावर एकविसाव्या टॉसचा चान्स? अर्धाच. तेव्हाही अर्धाच होता.

पण लोक जिंकून येतात ना राजेहो

हा प्रश्न येतोच, आणि हा हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण खरंच येतात. माझ्या ओळखीतला एक जण जत्रेत पन्नास रुपये घेऊन गेला आणि दोनशे घेऊन आला, मी स्वतः पाहिलं.

हिशोब लावू. सात खालीवर दहा-दहाचे ३६ डाव खेळले तर लावले ३६०. कागदावर १५ डाव आपले, प्रत्येकी २० हातात, झाले ३००. साठ रुपये गेले, म्हणजे शंभरामागे पावणेसतरा. सातवर खेळला तर अजून वाईट: ६ डाव आपले, ४० प्रमाणे २४०, गेले १२०, शंभरामागे तेहतीसच्या वर. चौपट ऐकायला जास्त वाटते, जायलाही तेच जास्त जाते. फासेवाल्याला फासे खोटे ठेवायची गरजच नाही. सच्च्या फाशांवरच त्याचं पोट भरते.

मग जिंकणारे कुठून येतात? कमी डाव खेळणाऱ्यांतून. वर-खालीवर फक्त पाच डाव खेळून उठणाऱ्या शंभर जणांपैकी साधारण ३५ जण थोडेफार जिंकलेले असतात. तिघांत एक! आणि हरलेले दोघं घरी काही सांगत नाहीत, जिंकलेला एक गावभर सांगते. पण तोच माणूस शंभर डाव बसला तर जिंकून उठणारे शंभरात जेमतेम चार. म्हणजे खेळणाऱ्याजवळ पाच-दहा डाव असतात आणि फासेवाल्याजवळ रात्रभरात हजारो. तो पंगतीचा आचारी आहे आणि आपण एक पाहुणा. जत्रेतला फासेवाला निदान रात्री ताडपत्री गुंडाळतो, मोबाईलमधला गुंडाळत नाही, तिथं एका रात्रीत शंभर डाव कधी झाले समजतही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशाच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला, पण नवे नवे ॲप पोरांच्या मोबाईलमध्ये येतच राहतात, म्हणून हा हिशोब घरात एकदा वहीवर मांडून दाखवा, ओरडण्यापेक्षा ते जास्त पटते.

कागदच चुकला तर

आतापर्यंत मी कागद बरोबर धरून चाललो. पण कागदावरच्या चान्सच्या पोटात एक गृहीत दडलेलं असते: सगळ्या बाजू सारख्या. ते कुणी तपासलं?

वेल्डन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी १२ फासे एकदम टाकायचे असं २६,३०६ वेळा केलं. ५ किंवा ६ यायचा चान्स कागदावर तिसरा हिस्सा, ३३.३३ टक्के. त्याला मिळाले ३३.७७. अर्धा टक्काही फरक नाही, पण तीन लाखांवर फासे पडल्यानंतर एवढाही फरक योगायोगानं येत नाही. कारण असं मानतात की त्या फाशांवर ठिपके कोरलेले होते, ५ आणि ६ च्या बाजूला जास्त खळगे, म्हणजे ती बाजू इवलीशी हलकी, म्हणून ती वर यायची. नाण्याचंही तसंच, २०२३ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी साडेतीन लाख फेकी मोजून दाखवलं की नाणं ज्या बाजूनं अंगठ्यावर ठेवलं तीच बाजू वर पडायचा चान्स ५०.८ टक्क्यांच्या आसपास आहे, बरोबर अर्धा नाही.

आपल्या घरात याच्यापेक्षा सोपं उदाहरण आहे. चिंचोके. उन्हाळ्यात आजी-आत्या अष्टाचंगा मांडतात ना, चार चिंचोके मधातून फोडून, एक बाजू पांढरी एक काळी. चारही पांढरे पडले तर चार, चारही काळे पडले तर आठ. आता चिंचोका पांढरा पडायचा चान्स कागदावर किती? सांगताच येत नाही! दोन बाजू आहेत म्हणून अर्धा म्हणायचं का? एक बाजू फुगीर, एक चपटी, कुणी नीट फोडला, कुणी तिरपा. अर्धा धरला तर चार आणि आठ दोन्हीचा चान्स सोळात एक, सव्वासहा टक्के. पण समजा तो चिंचोका पांढरा साठ टक्के वेळा पडते, तर चार येणार तेरा टक्के वेळा आणि आठ अडीच टक्के. पाचपट फरक, एका तिरप्या फोडीनं. आमची आजी दुसऱ्याचे चिंचोके खेळायला घ्यायची नाही, आणि ती हे काही न शिकता ओळखून होती. इथं फेकून मोजण्याशिवाय दुसरा रस्ताच नाही.

सोयाबीनचे शंभर दाणे

आणि शेतीत तर सगळे चिंचोकेच आहेत, फासा एकही नाही. सोयाबीनचा दाणा उगवन का नाही, याला कागदावरचा चान्स नाही. म्हणून कृषी विभाग दरवर्षी सांगते की घरचं बियाणं असेल तर पेरायच्या आधी उगवण तपासा: गोणपाट ओलं करा, दहा-दहाच्या ओळीत १०० दाणे मांडा, गुंडाळून सावलीत ठेवा, पाणी शिंपडत राहा आणि कोंब मोजा. सत्तर आले तर बियाणं पेरायला चांगलं, कमी आले तर एकरी बियाणं वाढवा. हा शंभर टक्के प्रायोगिक संभाव्यतेचा धडा आहे, फक्त पुस्तकात त्याच्या जागी नाणं असते.

यात लोक फसतात कुठं? एकाच गोणपाटावर थांबतात. खरी उगवण बरोबर ७० टक्के असली तरी १०० दाण्यांत ६१ ते ७९ काहीही येऊ शकते, ३६ डावांत सात कसा तीनदाच आला होता तसं. ६४ आले म्हणून बियाणं बाजारात नेऊन विकायचं नाही आणि ७७ आले म्हणून निर्धास्तही व्हायचं नाही. तीन वेगवेगळ्या पोत्यांतून, वरून, मधातून, बुडातून दाणे घेऊन तीन गोणपाटं लावली की पसारा पाच-साडेपाच टक्क्यांवर येते.

यंदा आम्ही तसंच केलं. ७१, ६६ आणि ७४. तिन्ही मिळून ३०० मधून २११, सत्तरच्या थोडं वर. बाबांनी विचारलं, "मंग खरा किती धरू?" मी म्हटलं, पासष्ट ते शहात्तरच्या मधात कुठंतरी, याच्यापेक्षा पक्कं मले सांगता येत नाही. ते थोडा वेळ कोंबांकडे पाहत बसले, मग म्हणाले की पासष्टच धरू, पाऊस काही आपल्याला विचारून येत नाही, आणि एकरी तीसच्या जागी बत्तीस किलो काढायला सांगितलं.